न झोपलेल्या ड्रायव्हरचे कौतुक पुरे झाले

आपल्या वस्तीत दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला कुणी शहाणा म्हणत नाही. घरची माणसे त्याच्याशी भांडतात, शेजारी टोकतात, विहारातली जुनी माणसे त्याला बाजूला घेऊन समजावतात. पण दोन रात्री डोळा न मिटता दिल्लीहून न्हावा शेवाला गाडी आणणाऱ्याचे मात्र कौतुक होते. ‘पोरगं लोखंडाचं आहे, दोन नाइटा मारून आलं,’ असे आपणच चार माणसांत सांगतो. आरोग्याच्या या पानावर आम्हाला याच कौतुकाबद्दल बोलायचे आहे. आमचे म्हणणे सरळ आहे. न झोपता गाडी चालवणारा आणि पिऊन गाडी चालवणारा, रस्त्यावर दोघांचा धोका सारखाच. एकाला आपण टोकतो आणि दुसऱ्याला शाबासकी देतो. ही शाबासकी बंद झाली पाहिजे.

आम्ही म्हणजे आपटा आणि आसपासच्या वस्त्यांतले जुने ड्रायव्हर. कुणी वीस वर्षे ट्रक चालवला, कुणी तीस. आता बहुतेकांनी स्टिअरिंग सोडले आहे, पण चार जण एकत्र बसलो की बोलणे फिरून रस्त्यावरच येते. आपटा म्हटले की बाहेरच्या लोकांना सिनेमातले रेल्वे स्टेशन आठवते. गावाभोवतीचे जग मात्र चाकांचे आहे. एका अंगाला रसायनी-पाताळगंगेचे कारखाने, दुसऱ्या अंगाला मुंबई-गोवा महामार्ग, पनवेलपलीकडे कळंबोलीचा लोखंड बाजार आणि १९८९ साली सुरू झालेले न्हावा शेवाचे बंदर. जमीन नसलेल्या घरांतली मुले गाडीवर गेली. आधी क्लीनर, मग उस्तादाच्या हाताखाली शिकून ड्रायव्हर. आज कितीतरी घरांची चूल या चाकांवर पेटते. म्हणून ड्रायव्हरची झोप हा त्याच्या एकट्याचा प्रश्न राहत नाही, तो घराच्या आरोग्याचा प्रश्न होतो.

दारू आणि जागरण सारखे कसे, असे कुणी विचारेल. त्याचे मोजमाप झालेले आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली तर ड्रायव्हर गुन्हेगार ठरतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली माणसांना जागे ठेवून त्यांचे हात, डोळे आणि लक्ष यांची चाचणी घेतली. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतका मंदावलेला आढळला. २४ तास जागा राहिल्यावर ती पातळी १०० मिलिग्रॅमच्या आसपास गेली. म्हणजे सकाळी पाचला उठून रात्री दहानंतरही स्टिअरिंगवर असलेला आपला माणूस, एक थेंब न पिता, कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो. नाक्यावरचे पोलीस तोंडाला यंत्र लावून दारू पकडतात. झोप पकडणारे यंत्र त्यांच्या हातात नाही. ती ज्याची त्याला ओळखावी लागते, नाहीतर घरच्यांना.

झोप ड्रायव्हरला सांगून येत नाही. आधी जांभया येतात, मान जड होते, पापण्या चुरचुरतात. मग मागच्या पाच-दहा किलोमीटरमध्ये काय लागले, कोणता पूल गेला, हे आठवत नाही. हे शेवटचे लक्षण सगळ्यांत वाईट. याचा अर्थ डोळे उघडे असताना मेंदू मध्ये मध्ये बंद पडत होता. अशी डुलकी तीन-चार सेकंदांची असते. ताशी ८० किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. चार सेकंदांत सुमारे ९० मीटर. तेवढा वेळ भरलेला ट्रक कुणाच्याही ताब्यात नसतो, ब्रेकवर पायही नसतो. झोपेतल्या अपघातांत रस्त्यावर अनेकदा ब्रेकची खूण सापडत नाही, ती याच कारणाने.

पहाटे दोन ते पाच ही वेळ सगळ्यांत वाईट, हे प्रत्येक जुना ड्रायव्हर सांगेल. शरीराचे घड्याळच तसे आहे. त्या वेळी अंगाचे तापमान उतरते आणि दिवसभर विश्रांती घेतलेल्या माणसालाही पेंग येते. दुपारी जेवणानंतर दोन ते चारच्या दरम्यान पुन्हा तसाच एक उतार येतो. हे सवयीने जात नाही. ‘मला सवय आहे’ असे म्हणणाऱ्याला आपण किती मंदावलो आहोत हे कळत नाही, एवढाच फरक.

झोप घालवायला ड्रायव्हर काय काय करतो हे आम्ही पाहिले आहे. काच खाली करून वारा घेणे, तोंडावर पाणी मारणे, गाणी मोठ्याने लावणे, तंबाखू, गुटखा, एकावर एक चहा. वाऱ्याने आणि पाण्याने पाच-दहा मिनिटे तरतरी वाटते, मग झोप पुन्हा मानगुटीवर बसते. काही जण लांबच्या रस्त्यावर गोळ्या, अफूची बोंडे असले काहीतरी घेतात. ते झोप भागवत नाही, फक्त पुढे ढकलते. अंमल उतरला की साठलेली सगळी झोप एकदम येते, आणि त्या वेळी गाडी कुठल्या घाटात असेल हे कुणी सांगावे? मुक्कामाला झोप लागावी म्हणून दारू घेणारेही आहेत. दारूने डोळा लवकर लागतो, पण झोप तुटक होते आणि सकाळी अंग तसेच जड राहते. झोपेवर उपाय झोप हाच.

मग जुने उस्ताद काय करत होते? त्यांच्याकडे शास्त्राची पुस्तके नव्हती, पण काही नेम होते. रात्री बाराच्या सुमारास ढाबा किंवा पंप बघून गाडी लावायची, पहाटे उजाडायला लागले की काढायची. दर दोन-अडीच तासांनी थांबून हातोडीने किंवा टॉमीने टायर ठोकत गाडीला फेरी मारायची. त्यात टायरची तपासणी होई आणि आपलेही पाय मोकळे होत. जेवण पोटभर नको, अर्धपोटी असावे. ज्या गियरमध्ये घाट चढलो त्याच गियरमध्ये उतरायचा, डिझेल वाचवायला बोरघाटात गाडी न्यूट्रल करायची नाही. क्लीनरने झोपायचे ते उस्ताद ताजा असताना, आणि उस्तादाचा सूर बदलला की त्याने त्याला बोलते ठेवायचे किंवा गाडी थांबवायला लावायची. कशेडीचा घाट असो की खंडाळ्याचा, घाटाच्या आधी पेंग येत असेल तर घाट झोपून उठल्यावर चढायचा. या नेमांतून वर्षानुवर्षे माणसे घरी परत आली.

आजच्या मुलांना हेच नेम सांगून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांची परिस्थिती वेगळी आहे, हे आम्ही मान्य केले पाहिजे. आमच्या गाड्या सावकाश चालत आणि केबिनमध्ये दोन माणसे असत. आज गाडी ताकदवान आहे, रस्ता रुंद आहे, आणि खर्च वाचवायला मालकाने क्लीनर काढून टाकला आहे. ड्रायव्हर एकटा. सरळ, रिकाम्या द्रुतगती रस्त्यावर एकट्या माणसाला झोप लवकर येते. खिशातल्या फोनवर आणि गाडीतल्या जीपीएसवर मालकाची नजर असते. गाडी अर्धा तास थांबली की फोन वाजतो, ‘का थांबलास?’

त्यात बंदराची रांग. कंटेनर भरायला किंवा खाली करायला कधी सहा तास, कधी दहा तास रांगेत जातात. गाडी पुढे सरकवावी लागते म्हणून झोपता येत नाही, आणि हिशेबात तो वेळ ‘आराम’ म्हणून धरला जातो. रांगेतून सुटल्यावर मालक म्हणतो, आता उशीर झाला, रात्रीत पुणे ओलांड. थकवा रस्त्यावर सुरू होत नाही, तो रांगेतच सुरू झालेला असतो. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०२० साली देशातल्या दहा शहरांत ट्रक ड्रायव्हरांची पाहणी केली. ड्रायव्हर दिवसाला सरासरी १२ तासांच्या आसपास गाडी चालवतात आणि थकलेले, पेंगुळलेले असतानाही चालवतो असे जवळपास निम्म्यांनी सांगितले, असे त्यात आढळले. पगार खेपेवर असला की हे असेच होणार. जितक्या खेपा तितके पैसे, म्हणजे झोपलेल्या तासाचे पैसे कापले गेले असेच ड्रायव्हरला वाटते.

इथे कुणी म्हणेल, हे सगळे बरोबर आहे, पण पोट कोण भरणार? मालकाला नाही म्हटले तर उद्या दुसरा ड्रायव्हर उभा आहे. हा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर द्यावे लागेल. कामाचे तास हा आपल्या समाजाला नवा विषय नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते सांभाळत होते. कारखान्यातल्या कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला तो १९४६ सालच्या दुरुस्तीने, आणि त्यामागे त्यांचे काम होते. कामगाराला विश्रांती मिळणे ही मेहेरबानी नाही, तो त्याचा हक्क आहे, ही समज तिथून आपल्याकडे आली.

ड्रायव्हरसाठी १९६१ साली मोटार वाहतूक कामगार कायदा झाला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास. लांब पल्ल्यासाठी परवानगी घेऊन वाढवले तरी दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांच्या वर नाही. सलग पाच तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती. आता हा कायदा नव्या कामगार संहितेत सामावला गेला आहे. पण मूळ कायदाच पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना लागू होता. आपली मुले ज्यांच्याकडे आहेत त्या एक-दोन गाड्यांच्या मालकांना तो कधी शिवलाच नाही. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटे थांबावेच लागते. गाडीत बसवलेले यंत्र त्याची नोंद ठेवते आणि तपासणीत ती नोंद मागितली जाते. आपल्याकडे गाडी कुठे आहे याची नोंद प्रत्येक मालकाच्या मोबाइलमध्ये आहे. ड्रायव्हर किती तास जागा आहे याची नोंद मात्र कुणालाच नको आहे.

२०२४ च्या जानेवारीत, अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या नव्या कलमाविरुद्ध देशभरच्या ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या होत्या. पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा लोकांना ड्रायव्हरची आठवण झाली. अपघातानंतर ड्रायव्हरला काय शिक्षा द्यायची यावर इतकी चर्चा होते. अपघाताआधी तो किती तास जागा होता आणि त्याला कुणी जागे ठेवले, हा प्रश्न चौकशीत आला पाहिजे. ही मागणी संघटनेनेच होईल. एका मालकाकडचे किंवा एका वस्तीतले दहा-बारा ड्रायव्हर एकत्र येऊन सांगतील की मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत गाडी उभी राहील, रांगेतला वेळ कामात धरा, लांबच्या खेपेला दुसरा ड्रायव्हर द्या, तर मालकाला ऐकावे लागते. एकट्याला काढता येते, दहांना काढणे महाग पडते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांत वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हेही मागणीशिवाय झालेले नाही. जुन्या गाड्यांतले ड्रायव्हर मात्र इंजिनच्या धगीतच आहेत.

कायदा आणि मालक बदलायला वेळ लागेल. घर आजपासून बदलू शकते, आणि आमचे खरे सांगणे घरातल्या माय-बहिणींना व तरुणांना आहे.

खेपेवरून आलेल्या माणसाला आधी झोपू द्या. घरपट्टी, मुलांची फी, नातेवाइकांचे लग्न, सगळे बोलणे तो उठल्यावर. माणसाला सात-आठ तास झोप लागते आणि दिवसाची झोप रात्रीपेक्षा कच्ची असते. पत्र्याच्या घरात दुपारी तापते. खिडकीला जाड कापड लावा, पंखा त्याच्याकडे करा, मुलांना शेजारी पाठवा. वस्तीत दिवसा मोठ्याने स्पीकर लावताना शेजारच्या घरात रात्रपाळीचा कुणी झोपला आहे का, हे विचारण्याची रीत आपण पाडू शकतो. जमल्यास विहाराची एखादी खोली दुपारी अशा माणसांना झोपायला मोकळी ठेवता येईल. याला पैसे लागत नाहीत.

गाडीवर असताना त्याला फोन करू नका. तो थांबला की तोच करील, असे ठरवून घ्या. त्याचा फोन आला तर ‘कुठे पोहोचलास’ याच्या आधी ‘झोपलास का’ हे विचारा.

तो मोठ्याने घोरतो का आणि घोरता घोरता श्वास मध्येच अडकून दचकून उठतो का, हे फक्त बायकोलाच कळते. हा आजार आहे. अशा माणसाची आठ तास पडूनही झोप पुरी होत नाही आणि तो दिवसा पेंगतो. जाड मान, सुटलेले पोट, वाढलेला रक्तदाब असलेल्यांत तो जास्त दिसतो. त्यावर उपचार आहेत. सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि ड्रायव्हर आहे हे आवर्जून सांगा.

सर्दी, खाज, खोकला यांच्या काही औषधांनी झोप येते. दुकानातून गोळी घेताना किंवा डॉक्टरांकडे गेल्यावर ‘मी गाडी चालवतो’ हे पहिले वाक्य असले पाहिजे. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण चुकवून गाडी चालवली तर साखर एकदम उतरून घाम, थरथर, अंधारी येते. त्याच्या केबिनमध्ये बिस्किटे, गूळ, साखर असावी. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. आपट्याचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. दोन खेपांच्या मध्ये एक सकाळ त्यासाठी काढा आणि डोळेही तपासून घ्या.

रस्त्यावर पेंग आलीच तर एक साधा उपाय आहे. ढाबा, पंप किंवा ट्रक उभे करायची जागा गाठा. महामार्गाच्या कडेला अंधारात गाडी लावू नका, मागून येणारा तुमच्यावर आदळतो. एक कप कडक चहा किंवा कॉफी घ्या आणि लगेच वीस मिनिटांचा गजर लावून आडवे व्हा. त्यांचा अंमल चढायला अर्धा तास लागतो, तोवर डुलकी होते, आणि उठल्यावर दोन्हींचा उपयोग होतो. पाच-दहा मिनिटे चाला, मगच गाडी काढा. यावर पुढचे तासभर निभावते. रात्र काढायला हे पुरत नाही.

शेवटचे सांगणे सगळ्या वस्तीला. २० मार्चला आपण महाडला जातो, ६ डिसेंबरला दादरला, १ जानेवारीला भीमा कोरेगावला, अशोक विजयादशमीला नागपूरला. गाडी ठरवताना भाडे विचारतो, किती माणसे बसतील हे विचारतो. चालवणारा आदल्या रात्री झोपला होता का, हे कुणी विचारत नाही. कित्येकदा तो दिवसभर माल टाकून संध्याकाळी आपल्या गाडीवर बसलेला असतो आणि रात्रभर जागून पहाटे परत निघतो. गाडीत आपली चाळीस-पन्नास माणसे असतात, त्यांत म्हाताऱ्या आया आणि कडेवरची लेकरे. म्हणून इथून पुढे समितीने हे नेम पाळावेत. मालाच्या टेम्पोत माणसे भरायची नाहीत. लांबच्या प्रवासाला दोन ड्रायव्हर ठरवायचे आणि त्याचे पैसे वर्गणीत धरायचे. मुक्कामी पोहोचल्यावर ड्रायव्हरला आधी जेवण आणि झोपायला जागा द्यायची, गर्दीत त्याला फिरवायचे नाही. परतीला त्याने ‘दोन तास थांबू’ म्हटले तर कुरकुर न करता थांबायचे. आणि पुढच्या सीटवर एक जागा माणूस बसवायचा.

दोन रात्री मारून आलेल्या मुलाला यापुढे ‘वाघ आहेस’ म्हणू नका. त्याला विचारा, ‘मध्ये थांबला का नाहीस?’ आणि जो दोन तास उशिरा, पण झोपून आला, त्याच्या हातात पाण्याचा तांब्या देऊन म्हणा, ‘बरे केलेस.’ वस्तीत हे दोन शब्द बदलले तर मालकासमोर ‘मी आता थांबणार’ म्हणायचे बळ त्या मुलाला घरातूनच मिळेल.

जय भीम.